इंदूरात मराठी किती? सार्वजनिक स्रोत पारखण्याची रीत

शहरातल्या मराठी लोकसंख्येचा आकडा इंदूरात कुठेही ऐकायला मिळतो. रामबागेतल्या मंडपात ऐकाल तर तो फुगलेला असतो, मराठी शाळेच्या पटसंख्येवरून बोलणं निघालं की आक्रसतो. कुठून आणला असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पेपरात आलं होतं." पेपरानं तो बहुधा एखाद्या स्मरणिकेतून उचललेला असतो, आणि स्मरणिकेनं जुन्या पेपरातून.

पुढची सगळी रीत आम्ही याच एका प्रश्नावर चालवून दाखवतो. तुमचा विषय स्थलांतर असो, शाळागळती असो की गुन्हेगारी, पायऱ्या याच राहतात. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. "विश्वासार्ह" हा शिक्का स्रोतावर एकदाच मारून मोकळं होता येत नाही, तो स्रोत आणि प्रश्न यांच्या जोडीवर मारायचा असतो. जनगणना मातृभाषेसाठी भक्कम आहे, पण घरात रोज कुठली भाषा चालते हे तिला विचाराल तर ती फसवेल. यात दोष तिचा नाही, तिनं ते विचारलेलंच नाही.

आधी प्रश्नाची फोड करा

कुठलाही आकडा शोधायच्या आधी कागदावर चार रकाने आखा: कोण, कुठे, कधी, आणि नेमकं काय मोजलं. "इंदूरात मराठी किती" या वाक्यात चारही रकाने रिकामे आहेत.

"कुठे"पासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत इंदूरच्या लोकसंख्येचे निदान चार आकडे आहेत. महापालिकेची तेव्हाची हद्द धरली तर सुमारे १९.६ लाख. हद्दीला चिकटून वाढलेल्या वस्त्या धरल्या तर १९.९ लाख. नागरी समूह, म्हणजे शहर आणि त्याला जोडून असलेली छोटी शहरं, घेतला तर २१.७ लाख आणि जिल्हा घेतला तर ३२.८ लाख. चारही आकडे एकाच जनगणनेचे आणि चारही बरोबर. फक्त पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात तेरा लाखांचं अंतर आहे. एका लेखात टक्केवारी जिल्ह्याची आणि दुसऱ्यात शहराची असली की वाचणाऱ्याला वाटतं मराठी माणसं शहर सोडून चालली. प्रत्यक्षात फक्त भाजक बदललेला असतो.

हद्दही एका जागी राहत नाही. २०११ मध्ये इंदूर महापालिकेचे ६९ वॉर्ड होते. पुढे २०१४ मध्ये आसपासची २९ गावं आत आली आणि वॉर्ड ८५ झाले. २०११ चा वॉर्ड क्रमांक आजच्या वॉर्ड क्रमांकाशी जुळवून केलेली तुलना त्यामुळे सरळ रद्दीत टाकावी, दोन्ही वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवून वस्ती तपासली असेल तरच ती वाचावी. राज्याचंही तसंच. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं, म्हणून १९९१ चा "मध्य प्रदेश" आणि २००१ चा "मध्य प्रदेश" हे दोन वेगळे भूभाग आहेत. बडोद्यावर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते २०१३ साल: छोटा उदेपूर जिल्हा तेव्हा वेगळा झाला, २०११ चा वडोदरा जिल्हा त्याला पोटात घेऊन आहे. आदिवासी लोकसंख्येची टक्केवारी दोन वर्षांत "घटली" असं दिसतं ते बऱ्याचदा अशा वाटणीमुळे.

"कधी"चा रकाना लोक सर्वांत कमी भरतात. २०११ च्या जनगणनेची संदर्भ घटका १ मार्च २०११ ची मध्यरात्र, ०० वाजताची. त्यानंतर पूर्ण जनगणना होऊ शकली नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जाहीर झाली आहे (बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६). तेव्हा २०१२ ते २०२६ मधलं कुठलंही साल लावून "जनगणनेनुसार" असं कुणी लिहिलं असेल, तर तो आकडा एकतर जुना आहे किंवा अंदाज आहे. अंदाज वापरायला हरकत नाही, पण तो कुणी आणि कुठला वाढीचा दर धरून काढला हे सापडलं पाहिजे. सापडत नसेल तर सोडून द्या.

मूळ कागदापर्यंत जा

भाषेचा मूळ कागद म्हणजे जनगणनेचा सी-१६ हा तक्ता, मातृभाषेनुसार लोकसंख्येचा. तो जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार एक्सेल स्वरूपात फुकट मिळतो. मध्य प्रदेशचा राज्य संकेतांक २३, गुजरातचा २४, महाराष्ट्राचा २७. २०११ ची भाषांची आकडेवारी २०१८ मध्ये बाहेर आली, हेही ध्यानात असू द्या. २०१२-१३ मधल्या एखाद्या लेखात "२०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषक" असा जिल्ह्याचा आकडा असेल, तर तो त्या लेखकाला मिळूच शकत नव्हता.

मूळ कागद उघडला की लगेच आकडा टिपायचा नाही, आधी व्याख्या वाचायची. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी त्या व्यक्तीशी तिची आई जी भाषा बोलत असे ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी. प्रत्येकाची मातृभाषा एकच नोंदवली जाते. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत हा प्रश्न दहावा, आणि त्याच्या पुढचा अकरावा प्रश्न "इतर कुठल्या भाषा येतात" असा होता. त्यात जास्तीत जास्त दोन भाषा.

आता इंदूरातलं एक नेहमीचं घर डोळ्यांपुढे आणा. आजी मराठी, आई उज्जैनची हिंदी भाषक, वडील मराठी, नातवंडं दोन्ही बोलतात आणि शाळेत इंग्रजी. सी-१६ मध्ये आजी आणि वडील मराठी, आई आणि नातवंडं हिंदी. घरात मंगळागौर होते, आरत्या मराठीत होतात, याला त्या तक्त्यात जागा नाही. म्हणजे "मराठी मूळ असलेली कुटुंबं किती" या प्रश्नाला सी-१६ कमी उत्तर देणार. "मराठी समजणारी माणसं किती" याला तर फारच कमी, त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचा सी-१७ तक्ता हवा. उलट "मातृभाषा मराठी सांगणारे किती" याला त्याच्याइतकं चांगलं उत्तर देशात दुसऱ्या कुठल्या कागदात मिळणार नाही.

व्याख्येच्या मागे वर्गीकरण असतं, आणि ते तर कुणी बघतच नाही. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली भाषांची कच्ची नावं १९,५६९ होती. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा ठरल्या, १,४७४ नावं अवर्गीकृत राहिली. दहा हजारांवर भाषक असलेल्या मातृभाषा १२१ भाषांमध्ये बसवल्या गेल्या. या बसवण्यात मालवी आणि निमाडी हिंदीच्या पोटात गेल्या. अहिराणी मात्र मराठीत धरलेली नाही, ती खानदेशी या वेगळ्या भाषेखाली आहे. तुम्ही खानदेशातून इंदूरला आलेल्या कामगारांवर लिहीत असाल आणि फक्त "मराठी"ची ओळ उचललीत, तर अहिराणी सांगणारी मंडळी तुमच्या अभ्यासातून गळून जातील.

एक्सेलमध्ये होणाऱ्या दोन चुका इतक्या सार्वत्रिक आहेत की त्या स्वतंत्र सांगतो. पहिली: सी-१६ मध्ये "मराठी" हे नाव दोनदा येतं, एकदा भाषा म्हणून (अनुसूचित भाषांत क्रमांक १३) आणि त्याखाली मातृभाषा म्हणून. भाषेची बेरीज पोटातल्या मातृभाषांना धरूनच असते. अख्ख्या रकान्याची बेरीज मारलीत की सगळं दुप्पट. दुसरी चूक प्राथमिक जनगणना सारांशात, म्हणजे गाव-वॉर्डवार मूळ आकड्यांच्या तक्त्यात, होते: तिथे एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा तीन ओळी एकाखाली एक असतात, गाळणी न लावता बेरीज केली की पुन्हा दुप्पट. उपाय साधा आहे. काम सुरू करण्याआधी पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण, ग्रामीण अधिक शहरी बरोबर एकूण, आणि तालुक्यांची बेरीज बरोबर जिल्हा, अशा तीन ताळमेळाच्या बेरजा करून बघा. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्याच्या प्रबंधातला तक्ताही याच तीन बेरजांनी तपासावा. ज्याची बेरीज जुळत नाही, त्याचं विश्लेषण वाचण्यात वेळ घालवू नये.

तात्पुरते आणि अंतिम आकडेही वेगळे ठेवा. भारताचा साक्षरता दर २०११ च्या तात्पुरत्या आकडेवारीत ७४.०४ टक्के होता, अंतिम आला ७२.९८. आजही निम्मे लेख ७४ च छापतात. हा दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकसंख्येवर काढतात. एकूण लोकसंख्येनं भागलंत तर तुमचं गाव विनाकारण निरक्षर दिसेल.

आणि हो, जनगणनाही काही देववाणी नाही. २०११ नंतर केलेल्या पडताळणी पाहणीत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसं मोजणीतून सुटल्याचं दिसलं. स्वतःची चूक मोजून छापणारा स्रोत न छापणाऱ्यापेक्षा नेहमी वरचा धरावा. हा आमचा पहिला निकष आहे, संस्थेचं नाव त्यानंतर बघतो.

कशासाठी मोजलं होतं?

मराठी आकडा मिळवायचा एक लोकप्रिय मार्ग म्हणजे मतदार यादीतली आडनावं मोजणं. यादी उघड आहे, फुकट आहे, वॉर्डवार आहे, म्हणून मोह होतो. पण जोशी, पाठक, पंडित ही आडनावं मराठीही आहेत आणि हिंदीही. चव्हाण हिंदी यादीत चौहान होऊन बसतो. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली मराठी मुलगी आडनावात दिसत नाही, आलेली हिंदी सून दिसते. शिवाय यादी अठरा वर्षांवरच्यांची, आणि गेलेली किंवा घर बदललेली माणसं त्यात बराच काळ रेंगाळतात. मतदार यादी मतदानासाठी बनवलेली आहे, मतदार किती यासाठी ती चांगली. भाषेसाठी वापरायचीच असेल तर एक छोटी चाचणी करा: एखाद्या बूथची शंभर नावं घ्या, आडनावांवरून अंदाज लिहा, मग त्या घरी जाऊन विचारा. किती चुकलं तो दर प्रबंधात लिहा. चूक शंभरात पंधरावर गेली तर ती पद्धत सोडा, हा आमचा स्वतःचा उंबरठा, कुठल्या नियमातला नव्हे.

समाजसंस्थांच्या परिचय पुस्तिका, सभासद याद्या, वधूवर सूची यांचं उलट असतं. त्यातलं प्रत्येक नाव बहुधा खरं असतं, पण बाहेर राहिलेले कोण हे कळत नाही. अशा यादीवरून "किती" काढू नका, "कसे" जरूर काढा: कुठल्या वस्तीत राहतात, काय व्यवसाय करतात, किती पिढ्या झाल्या.

हेतू आकड्याला कसा वळवतो याचं घरचं उदाहरण स्वच्छ सर्वेक्षण. २०१६ च्या सर्वेक्षणात ७३ शहरांत इंदूर पंचविसावं होतं, २०१७ मध्ये ४३४ शहरांत पहिलं आलं. शहर बदललं यात शंका नाही, कचरागाडी दारात येते हे सगळे रोज बघतात. तरीही संशोधकानं गुणपत्रिका उघडावी. २०१७ मध्ये एकूण २००० गुणांपैकी ९०० महापालिकेनं सादर केलेल्या कागदपत्रांवर होते, ५०० प्रत्यक्ष पाहणीवर आणि ६०० नागरिकांच्या प्रतिसादावर. पुढच्या वर्षांत एकूण गुण आणि त्यांची वाटणी दोन्ही बदलत गेली. म्हणून "क्रमांक" ही मालिका वर्षामागून वर्ष रेषेनं जोडून आलेख काढता येत नाही. जो मोजला जातो तोच कागद पुरवतो, अशा आकड्याला आम्ही स्वघोषित म्हणतो. तो खोटा असतोच असं नाही, मात्र दुसऱ्या बाजूनं, उदाहरणार्थ वाहनांच्या फेऱ्या किंवा प्रक्रिया केंद्रातल्या वजनाच्या नोंदींनी, टेकू दिल्याशिवाय तो एकटा उभा करू नये.

गुन्ह्यांच्या आकड्यांत तर सावधगिरी दुप्पट हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल नोंदवलेले गुन्हे सांगतो, घडलेले नाही. एका फिर्यादीत चार कलमं असली तर सर्वांत गंभीर कलमाखाली एकच गुन्हा मोजला जातो. कायदा बदलला की आकडा उडी मारतो: २०१३ च्या दुरुस्तीनं बलात्काराची व्याख्या रुंदावली, तेव्हा २०१२ आणि २०१३ ची थेट तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना. आणि महानगरांच्या तक्त्यात दर लाखी प्रमाण काढताना २०११ ची लोकसंख्या धरलेली असते. इंदूर तेव्हापासून वाढतंच आहे, भाजक मात्र २१.७ लाखांवर थांबलेला. दर दिसतो त्याहून प्रत्यक्षात कमी असणार, आणि वेगानं वाढणाऱ्या शहराच्या बाबतीत ही फुगवट जास्त.

नमुना पाहणी असेल तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हा पत्रकं मोजक्या पानांचीच असतात, म्हणून विद्यार्थ्यांची लाडकी. त्यातल्या बारीक खुणा वाचा. कंसात दिलेला आकडा २५ ते ४९ नोंदींवर आधारलेला असतो. आकड्याऐवजी तारका असेल तर नोंदी २५ पेक्षा कमी, म्हणून तो छापलेलाच नाही. कंस काढून आकडा तक्त्यात उतरवणं ही सर्रास होणारी लबाडी आहे, बहुतेकदा नकळत. घरगुती हिंसाचारासारखे विषय या पाहणीत फक्त सुमारे १५ टक्के घरांत विचारले जातात आणि राज्यपातळीसाठीच असतात. इंदूर जिल्ह्याचा असा आकडा कुणी दिला तर तो कुठून आला हे विचाराच. पाचव्या फेरीचं क्षेत्रकाम दोन टप्प्यांत झालं: महाराष्ट्र आणि गुजरात पहिल्या टप्प्यात, जानेवारी २०२० पर्यंत, तर मध्य प्रदेश दुसऱ्यात, जो कोविडमुळे रखडत एप्रिल २०२१ पर्यंत गेला. इंदूर आणि बडोदा यांची तुलना करणाऱ्याच्या तळटीपेत हे आलंच पाहिजे.

शाळांवर लिहिणारे "असर" हा मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा अहवाल घेतात. तो ग्रामीण भागाचा आहे: जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. इंदूर शहरातल्या मुलांच्या वाचनाबद्दल तो काहीही सांगत नाही.

रोजगाराच्या बातमीत बेरोजगारीचा दर दिसला की "कुठल्या स्थितीनं मोजला" हे बघा. नियतकालिक श्रमबल पाहणी वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीनं एक दर देते आणि गेल्या सात दिवसांच्या स्थितीनं दुसरा. २०१७-१८ मध्ये पहिला ६.१ टक्के होता, दुसरा त्याहून बराच वर. दोन वर्तमानपत्रं एकमेकांना खोटं ठरवत असतात आणि दोघांकडे एकच अहवाल असतो.

लहान पाहणीसाठी तोंडी हिशेब ठेवा: यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यात त्रुटीची मर्यादा साधारण एक भागिले नमुन्याचं वर्गमूळ. १०० जणांना विचारलं तर दहा टक्के इकडेतिकडे, ४०० ला पाच, १००० ला जेमतेम तीन. वस्त्या निवडून मग घरं निवडली असतील तर ही मर्यादा सहज दीडपट होते. ४०० मधल्या फक्त ५० मराठी कुटुंबांबद्दल निष्कर्ष काढला असेल तर नमुना ५० चा, ४०० चा नव्हे. आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवलेल्या गूगल फॉर्मला हे सूत्र लागूच पडत नाही, कितीही उत्तरं येवोत. तिथे कुणी उत्तर दिलं हे गटाच्या ॲडमिननं ठरवलेलं असतं.

शोधनिबंध आणि बातम्या

निबंध कुठे छापला यापेक्षा त्यात पद्धतीचा भाग किती आहे ते आधी पाहा. नमुना कसा निवडला, प्रश्न काय विचारले, किती जणांनी नकार दिला, ही तीन उत्तरं नसतील तर निबंध मत म्हणून वाचा. नियतकालिक तपासायला पाच मिनिटं पुरतात. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आंतरराष्ट्रीय पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा, कारण बनावट अंक जुन्या नामांकित नियतकालिकाचं नाव लावून फिरतात. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडतो का आणि त्याच निबंधावर जातो का ते बघा. "इम्पॅक्ट फॅक्टर" (नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) लिहिला असेल तर तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत आहे का बघा, मिळत्याजुळत्या नावाचे विकत मिळणारे घटक बरेच आहेत. तीन दिवसांत स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी, हे लक्षण एकटंच पुरेसं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची केअर यादी २०१९ पासून होती, पुढे आयोगानं ती बंद केली. म्हणून "केअर यादीतलं" असं लिहिलेलं दिसलं तर ते कुठल्या तारखेचं ते विचारा. निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. चॅटबॉटनं दिलेला संदर्भ असेल तर तो अस्तित्वात आहे का इथूनच सुरुवात करावी लागते.

बातमीतला आकडा हा पत्ता समजा, मुक्काम नव्हे. त्यातून अहवालाचं नाव आणि वर्ष मिळालं तर पुढे जा. विकिपीडियाचंही तेच, तळटीप उघडण्यापुरता उपयोग. दोन बातम्यांचा उगम एकाच प्रसिद्धीपत्रकात असेल तर ते दोन स्रोत नाहीत. ओळखायची खूण अशी: दोन्हीकडे तोच गोल आकडा आणि तीच शुद्धलेखनाची चूक.

पुष्टी नेहमी वेगळ्या दिशेनं यावी. सी-१६ च्या आकड्याला दुसऱ्या लेखाचा आधार शोधू नका. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या, मराठी वृत्तपत्रांचा खप, महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थांच्या कार्यक्रमांची उपस्थिती, वेगळ्या कारणासाठी ठेवलेल्या या नोंदी एकाच बाजूला कलत असतील तर आकड्याला बळ येतं. कलत नसतील तर तिथेच खरा संशोधनाचा विषय आहे, तो लपवू नका. एखादी नोंद उघड नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: केंद्रीय कार्यालयाला दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. मत किंवा कारण मागू नका. कागदाचं नाव, वर्ष आणि प्रत मागा, नाहीतर उत्तर "माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही" असं येतं.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक आकड्याशेजारी सहा गोष्टी लिहा: तक्त्याचं नाव आणि क्रमांक, ओळ आणि रकाना, भूभागाची हद्द, संदर्भ तारीख, तात्पुरता की अंतिम, आणि तुम्ही फाइल उतरवली तो दिवस. मूळ फाइल हात न लावता एका फोल्डरात ठेवा, काम प्रतीवर करा. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, म्हणून पान वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करून तो दुवाही टिपा.

मग प्रबंधातलं वाक्य असं उतरतं: "२०११ च्या जनगणनेत (सी-१६, अंतिम) इंदूर जिल्ह्यात मातृभाषा मराठी सांगणाऱ्यांची संख्या अमुक होती. ही संख्या मराठी मूळ असलेल्या पण मातृभाषा हिंदी नोंदवलेल्यांना धरत नाही, आणि यात अहिराणी समाविष्ट नाही." स्मरणिकेचे संपादक दुसरं वाक्य कापायला सांगतील. ते कापू देऊ नका, जागा कमी असेल तर पहिल्यातला आकडा गोल करून द्या.

२०२७ ची आकडेवारी यायला लागेल तेव्हा हद्दी आणि भाषांची वर्गवारी पुन्हा तपासावी लागेल. २००१ आणि २०११ चे सी-१६ तक्ते, त्यांच्या व्याख्यांची पानं आणि वॉर्डांचे जुने नकाशे आत्ताच उतरवून ठेवा.